रिकाम्या आसनावरचे आवाहन

१

टेकडीवरून ट्राम उतरल्याचा आवाज येई तेव्हा मुरलीधरपंत खांबेट्यांचे स्नान आटोपलेले असे, आणि टपालवाला दाराच्या फटीतून पत्रे टाकी तोवर नैवेद्य दाखवून झालेला असे. नॉटिंगहॅमच्या त्या लाल विटांच्या घरात हा क्रम इतकी वर्षे चालला होता, की घरालाच तो पाठ झाला असावा. सारी उमर त्यांनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात घालवली होती. तिथला नियम साधा होता. जे दिसते ते लिहावे, जे वाटते ते लिहू नये. आणि घरी आल्यावर संतांचे बोल होते, जे दिसत नाही त्यावरच भार टाकायला शिकवणारे. या दोहोंत पंतांना कधी विरोध जाणवला नाही. एक डोळ्यांचे काम, दुसरे अंतःकरणाचे, असे ते म्हणत.

देवघर वरच्या मजल्यावरच्या चिंचोळ्या खोलीत होते. पूजेचे पाणी सांडून गालिचा कुजतो म्हणून पंतांनी तो काढून साधी लाकडी फरशी घालून घेतली होती. तेव्हापासून खोलीच्या दाराखाली बोटभर फट राहिली, ती राहिलीच.

त्यांची एकुलती मुलगी स्वराली इथेच जन्मली, इथेच वाढली. आई वरदाताई आजारी पडल्या तेव्हा हातातले शिक्षण सोडून ती घरी आली, आणि शेवटच्या श्वासापर्यंत त्यांच्या उशाशी बसली. आता तिशी उलटल्यावर मँचेस्टरच्या विद्यापीठाने तिला पुन्हा जागा देऊ केली होती, शिष्यवृत्तीसह. अट एकच, प्रवेशपरीक्षेत ठरावीक गुण हवेत. दोन वेळा ते थोडक्यात हुकले होते. यंदाची ही शेवटची संधी. परीक्षा घरी बसूनच द्यायची. समोर संगणक, त्यावर कॅमेरा, आणि दूर कुठेतरी बसलेली एक पर्यवेक्षिका, जी सारा वेळ पाहत राहणार. खोलीत दुसरे माणूस दिसले किंवा दुसरा आवाज ऐकू आला, तर परीक्षा तिथेच रद्द.

घरातली एवढीच खोली शांत होती, इंटरनेटही तिथेच चांगले चाले. म्हणून देवघराच्याच खोलीत परीक्षा ठरली.

“बाबा, खोली रिकामा पाहिजे,” स्वराली म्हणाली. “भिंतीवर काही लिहिलेला नको.” मराठीतली लिंगे तिच्या जिभेवर कधी स्थिरावली नाहीत, आणि पंतांनीही ती सुधारणे केव्हाच सोडून दिले होते.

वरदाताईंनी भरतकामाने काढलेली अभंगाच्या दोन ओळींची चौकट भिंतीवरून उतरली. पोथ्या खोक्यात गेल्या.

२

देव मात्र पंत आपण होऊनच हलवणार होते. घरात कुणाचे मोठे काम अडले की वरदाताई देव पाण्यात घालीत, आणि काम फत्ते होईपर्यंत बाहेर काढीत नसत. पंतांना ते मनातून रुचत नसे. देवाला वेठीस धरायचे ते कसले भजन, असे ते म्हणत. स्वरालीच्या मागच्या दोन्ही परीक्षांना त्यांनी देवांना हात लावला नव्हता. दोन्ही वेळा निकाल पाहून ती भांडी घासायला उभी राहिली होती. तिची ती पाठ त्यांना दिसत राहिली.

आदल्या संध्याकाळी त्यांनी तांब्याचे घंगाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले, पाणी भरले आणि एकेक मूर्ती हळूच आत निजवली. कामावरून आलेली स्वराली वाकून पाहू लागली.

“बाबा, देवांना स्विमिंगला पाठवलं?”

“तुझ्यासाठी गेलेत,” पंत म्हणाले. “पास हो, म्हणजे बाहेर येतील.”

ती हसली, पण मग त्यांच्या दंडावर कपाळ टेकून क्षणभर उभी राहिली. या वेळी नाही झाले तर पुन्हा धीर होणार नाही, असे तिने खालच्या आवाजात सांगितले.

देवाचे आसन रिते ठेवू नये, एक सुपारी तरी मांडावी, ही पंतांच्या घराण्याची रीत. रात्री निजण्यापूर्वी त्यांनी देवघरात मूठभर तांदळावर सुपारी ठेवली आणि खाली बसायचा नेहमीचा पाट मांडला. सकाळी तिची पूजा करायची असे योजून ते झोपले.

सकाळी चष्मा न लावताच, ओलेत्याने, ते पूजेला बसले. प्रतिष्ठा केलेल्या मूर्तींना रोज बोलवावे लागत नाही, त्या घरच्याच असतात. सुपारीला मात्र बोलवावे लागते. कितीतरी महिन्यांनी पंतांच्या तोंडी आवाहनाचे शब्द आले. त्यांनी डोळे मिटले, हातात अक्षता घेतल्या. ये, या आसनावर बस, माझी सेवा पुरी होईपर्यंत इथेच राहा, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. त्यांनी ते मनापासून म्हटले. आता कुणाला बोलवायचे ते नाव उच्चारायचे, इतक्यात जिन्यावरून स्वरालीची हाक आली. परीक्षेपूर्वीची तपासणी वेळेआधीच सुरू झाली होती. बाबांनी आत्ताच्या आत्ता बाहेर यावे.

पंतांनी घाईघाईने अक्षता वाहिल्या. बोटे नुसत्या लाकडाला लागली.

सुपारी नव्हती. तांदूळही नव्हते. रात्री खोली आवरताना स्वरालीने ते सगळे पुसून खोक्यात टाकले होते, हे तिने दारातच सांगून टाकले.  पूजेची भांडी आणि पाट उचलून पंत बाहेर आले, आणि दार लागले.

३

आता हे खरेच की देव भावाचा भुकेला असतो, सुपारीचा नव्हे. सोवळे वाळत घालून, कपडे करून, चष्मा लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या पंतांनी स्वतःला हेच सांगितले. पाट आणि भांडी त्यांनी तिथेच दाराबाहेर ठेवली होती, खाली न्यायचे त्राण त्या क्षणी नव्हते. आतला आवाज दारातून सहज ऐकू येत होता. पर्यवेक्षिकेने आपले नाव नीना असे सांगितले. तिचा स्वर गोड आणि थकलेला होता, दिवसभर तेच वाक्य म्हणणाऱ्या माणसाचा असतो तसा.

तिने स्वरालीला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितले. आधी टेबलाची खालची बाजू, मग छत, मग चारी भिंती. स्वराली लॅपटॉप उचलून फिरत होती, तिच्या मोज्यांचा घसटता आवाज फरशीवर येत होता.

“छान,” नीना म्हणाली. “आता त्या गृहस्थांना बाहेर जायला सांगा, म्हणजे सुरुवात करू.”

स्वरालीने विचारले, कोणते गृहस्थ. लाकडी कपाटापाशी बसलेले, असे उत्तर आले.

दार किंचित उघडले. स्वरालीने डोके बाहेर काढून पाहिले, बाबा पायरीवरच होते. तिने त्यांच्याकडे पाहून डोळे फिरवले, जणू ही कुणीतरी तिकडची वेडगळ बाई, आणि दार लावून घेतले. पुन्हा खोली फिरवून दाखवली. ते देवाचे कपाट आहे, रिकामे आहे, सावली पडली असेल, असे तिने समजावले.  मग नीना म्हणाली, ठीक आहे, आता दिसत नाहीत.

पंतांनी मनाशी विचार केला. बाहेर आभाळ भरलेले होते, खिडकीतला उजेड करडा होता, आणि कॅमेरे करड्या उजेडात काहीही दाखवतात. प्रयोगशाळेत काचेवरचा एक केस त्यांनी एकदा जंतू म्हणून नोंदवला होता. दिसणे आणि असणे यांत अंतर असते.

मग त्यांना आठवले की आपण नाव उच्चारलेच नाही.

४

परीक्षा सुरू झाली. आत कळफलकाची टकटक, मधूनच एखादा लांब श्वास. स्वराली विचार करताना खालचा ओठ दाताखाली धरते, हे पंतांना दाराआडूनही दिसत होते.

आणि त्या टकटकीच्या खाली आणखी एक आवाज होता.

फार बारीक. कोरड्या घशाने कुणी आवंढा गिळावा तसा. थोड्या वेळाने पुन्हा. पंतांनी आधी तो रेडिएटरच्या नळातला मानला. ते खाली जाऊन हीटिंग बंद करून आले. आवाज येतच राहिला. तो स्वरालीचा नव्हता. ती खुर्चीत खिडकीकडे होती, आणि हा दाराच्या डाव्या हाताने, देवघराच्या पायथ्यापासून येत होता.

पाहुणा घरी आला की त्याला आधी बसायला द्यावे, मग पायांवर पाणी, मग प्यायला पाणी. पूजेचे उपचार म्हणजे तरी दुसरे काय आहे? दारी आलेल्याची विचारपूस. पंतांनी कुणाला तरी ये म्हटले होते आणि पाट उचलून बाहेर निघून आले होते. जो कुणी आला असेल तो उघड्या फरशीवर, तहानलेला बसून होता.

हे सारे आपले वाटणे आहे, लिहिण्याजोगे नाही, असे त्यांनी स्वतःला बजावले. तेवढ्यात आत नीनाचा आवाज आला. या वेळी त्यात गोडवा नव्हता.

ते गृहस्थ पुन्हा दिसत आहेत, ती म्हणाली. ते आता उमेदवाराच्या अगदी मागे आहेत. नियमाप्रमाणे ही शेवटची सूचना. वरिष्ठांना कळवायला ती थोडा वेळ जाणार आहे, तोवर लेखन चालू ठेवावे. परत येईल तेव्हा कुणीही दिसले, तर सत्र संपवावे लागेल.

“इथे कोणी नाही,” स्वराली म्हणाली. तिचा स्वर लहानपणी अंधारात येई तसा आला. “मी शपथ घेते. मी एकटी आहे.”

मग टकटक पुन्हा सुरू झाली, पण अडखळत.

५

पंत उठून दारापाशी गेले. आत जावे तर दुसरे माणूस दिसले म्हणून परीक्षा रद्द. हाक मारावी तर दुसरा आवाज आला म्हणून रद्द. न जावे तर तिच्या मागे जे होते ते तिथेच राहणार, आणि तरीही रद्द. दाराच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला आणि काढून घेतला. पाय लागून पूजेच्या वाटीतल्या उरलेल्या अक्षता खाली सांडल्या. त्या वेचायला ते गुडघ्यांवर बसले, आणि त्यांची नजर दाराखालच्या फटीतून आत गेली.

खुर्चीचे पाय दिसले. स्वरालीचे राखाडी मोजे दिसले, एकावर एक दाबून धरलेले.

आणि त्यांच्या मागे, अगदी जवळ, दोन पावले. अनवाणी. टाचा भेगाळलेल्या, घोट्यांपर्यंत धुळीने माखलेल्या, तांबूस धुळीने, जी या देशातल्या कुठल्याही रस्त्यावर नसते. ती हलत नव्हती. पाय धुण्यासाठी कुणी पुढे करावेत तशी ती थोडीशी पुढे सरकवलेली होती.

पंतांना किंचाळावेसे वाटले नाही. प्रथम मनात आले ते इतकेच, की फार लांबून चालत आलेला दिसतो.

जन्मभर त्यांनी हेच म्हटले होते, टाळ्या वाजवून म्हटले होते, की प्रत्येक भूताच्या ठायी भगवंत पाहावा. म्हणताना हा प्रसंग डोळ्यांपुढे नव्हता. आता म्हणायला जीभ वळेना. पण आवाहन त्यांनी केले होते, मुलीने नव्हे. यजमान ते होते.

६

त्यांनी पाट दारासमोर मांडला, आवाज होऊ न देता. समोर ताम्हन ठेवले, शेजारी तांब्या. मग हात जोडले. ओठ हलवायची सोय नव्हती, म्हणून मनातच बोलले. मानसपूजा देवाला पोचते असे संत सांगतात. जे देव नाही त्यालाही ती पोचते का, हे कुणी सांगितलेले नाही. संस्कृतावर आज विसंबावेसे वाटले नाही. ते साध्या मराठीत म्हणाले, आपण तिथे थांबू नये. बोलावणारा मी आहे. चूक माझी, आपली नव्हे. तिची नव्हेच. आसन इथे मांडले आहे. माझ्याकडे या.

आत टकटक थांबली. दाराखालच्या फटीत पंतांनी पाहिले. पावले वळलेली होती. आता त्यांची बोटे दाराकडे होती.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

दार उघडल्याचा आवाज आला नाही. बाहेर ट्राम वळणावर करकरत गेली, आणि तिच्या मागे पाट करकरला. तो जुना सागवानी पाट कुणी बसले तरच वाजे, ही त्याची खोड घरात सर्वांना ठाऊक होती.

पंतांनी मिटल्या डोळ्यांनी तांब्या उचलला आणि ताम्हनात धार धरली. पूजेत पडणाऱ्या पाण्याचा नाद त्यांच्या कानांच्या रोजच्या ओळखीचा होता, स्वच्छ, पितळेवर थेट पडणारा. हा नाद तसा नव्हता. पाणी आधी कशावरून तरी ओघळत होते, मग थेंबाथेंबाने ताम्हनात उतरत होते.

त्यांनी प्यायच्या पाण्याचे भांडे पुढे धरले. ते हातातल्या हातात हलके झाले. कोरडा आवंढा पुन्हा ऐकू आला नाही.

मग गंध, मग फूल म्हणून एक तुळशीचे पान. सेवा चालली तोवर ते सारे उपचार क्रमाने करीत राहिले. आत कळफलक पुन्हा सुरू झाला होता, भरभर, न अडखळता. मध्येच एकदा नीनाचा आवाज आला. व्यत्ययाबद्दल दिलगीर आहे, आता चौकटीत फक्त तुम्हीच आहात, असे ती म्हणाली.

शेवटी उरले ते विसर्जन. पंतांनी अक्षता घेतल्या आणि मनात म्हटले, आता आपल्या स्थानी परत जावे. अक्षता वाहिल्या आणि ते पाट वाजण्याची वाट पाहत राहिले. बसताना वाजतो तसा तो उठतानाही वाजतो.

तो वाजला नाही. ज्याला नाव घेऊन बोलावले नाही, त्याला कुठल्या स्थानी जा म्हणून सांगावे? पंतांनी पुन्हा अक्षता घेतल्या, पुन्हा वाहिल्या. बराच वेळ ते तसेच बसले.

दार धाडकन उघडले. पंतांनी डोळे उघडले. समोर रिकामा पाट होता, ताम्हनात पाणी होते, गढूळ आणि तांबूस, आणि दारात स्वराली उभी होती.

“झाला, बाबा,” ती म्हणाली. “स्क्रीनवर गुण दाखवला. झाला माझा.” मग तिने खाली पाहिले. “तुम्ही इथे पूजा करत होता? म्हणून मला मध्येच इतकं शांत वाटलं.”

ती पाटावरून पलीकडे येऊ लागली. पंतांनी चटकन हात आडवा धरला आणि तिला बाजूने यायला लावले. तिने कारण विचारले नाही. ती त्यांच्या गळ्यात पडून रडत होती.

त्याच दिवशी देव पाण्यातून बाहेर आले. पुसून, गंध लावून, आपापल्या जागी बसले.

७

अधिकृत निकाल आला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि पानगळीच्या सुमारास स्वराली मँचेस्टरला गेली. बाबांनी एकटे राहू नये म्हणून तिने फार आग्रह केला. आपल्याबरोबर चलावे, निदान बर्मिंगहॅमला कस्तुरीमावशीकडे तरी राहावे. पंतांनी दोन्हीला नाही म्हटले. इथे माझा नेम आहे, एवढेच ते म्हणाले.

नेम थोडा बदलला होता. पूजा आटोपली की ते देवघराच्या खोलीबाहेर येत, पाटावर पाणी आणि दूधभात ठेवीत आणि पाठमोरे बसत. पुढे जिन्यावर चढउतार नको म्हणून त्यांनी पाट खाली बैठकीच्या खोलीत, आपल्या खुर्चीमागे आणून ठेवला. तो उचलताना जड लागला. रोज संध्याकाळी ते जरा मोठ्याने अभंग म्हणत. म्हणताना मागून कधी ताल चुकल्यासारखे वाटे, कधी बरोबर पडल्यासारखे. ते मागे पाहत नसत. भीती वाटत होती का, असे कुणी विचारले असते तर त्यांनी जे दिसते तेच सांगितले असते, की दूधभात रोज संपतो.

रविवारी दुपारी स्वरालीचा व्हिडिओ कॉल येई. आपलेच चित्र कोपऱ्यात दिसते, तिथे पंतांनी कागदाचा चिटोरा चिकटवून ठेवला होता. ती नव्या मैत्रिणींविषयी सांगे, तिथल्या ट्राम पिवळ्या असतात म्हणे, अभ्यास खूप असतो. त्या दिवशी ती बोलता बोलता थांबली. स्क्रीनच्या जवळ आली. डोळे बारीक करून पंतांच्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्या मागे कोण बसलाय?”

पंतांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला.

“पाहुणे आहेत,” ते म्हणाले.

“अरे वा. बरं झालं. तुम्हाला सोबत झाला.” ती अजून पाहत होती. तिचे हसू तोंडावर होते, डोळ्यांत नव्हते. “किती दिवस राहणार?”

 उत्तर पंतांना त्या सकाळपासून ठाऊक होते. मिटल्या डोळ्यांनी, मनापासून, त्यांनीच ते म्हटले होते.

“माझी सेवा पुरी होईपर्यंत,” ते म्हणाले.

मागे पाट हलकेच करकरला, कुणी सावरून नीट बसावे तसा.